अर्धं राहिलेलं वायंडिंग

१

सेलूत मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. इन्व्हर्टर, टीव्ही, कूलर, शेतातल्या मोटारीचे स्टार्टर, जे येईल ते उघडतो. सकाळी शटर वर केलं की उदबत्तीच्या आधी मीटर लावून व्होल्टेज बघतो, कारण दिवाळीनंतर कापूस यायला लागला, जिनिंग चालू झाल्या, की आमच्या गल्लीतला पंखा नुसता जांभया देतो. माझी बायको शिवकन्या म्हणते, यांना देव नंतर, आधी व्होल्टेज. खोटं नाही ते.

सांगायचं कारण एवढंच, की मी उठसूट घाबरणाऱ्यातला नाही. वस्तू बिघडते तेव्हा तिला कारण असतं आणि ते मीटरनं सापडतं, असं मानून मी पोट भरतो. पुढच्या सगळ्या प्रकारातही मी मीटर लावला होता. दुर्दैवानं मीटर चांगला होता.

गिटारचं वेड मला परभणीला आयटीआयला असताना लागलं ते सुटलंच नाही. दुकानामागच्या खोलीत दुपारी वाजवतो, शेजारी बिचारे सहन करतात. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्वचा अँप्लीफायर स्वतःच्या हातानं बनवायचा ही जुनी हौस. ताडकळसच्या दत्तरावांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा. त्यांच्याकडं एक जुनी व्हॉल्वची मशीन, म्हणजे अँप्लीफायरच, वर्षानुवर्षं बंद पडून होती. मी मागितली तर त्यांनी आढेवेढे न घेता दिली. "न्या माऊली," माझं नाव घेऊन म्हणाले. "तुमच्याच घरचं काम अडकून पडलंय तिच्यात." मला वाटलं, म्हातारपणाची काहीतरी बडबड.

असल्या मशीनला दोन ट्रान्सफॉर्मर लागतात. एक पॉवरचा. तो नुसता हमाल, वीज उचलून आत आणून टाकतो. तो शाबूत होता. दुसरा आउटपुटचा. व्हॉल्वमधून निघालेला आवाज त्याच्या तांब्यातून फिरून स्पीकरला जातो, म्हणजे मशीनचा गळाच म्हणा. दत्तरावांच्या मशीनमध्ये त्या जागी नुसती चार भोकं होती.

मुंबईहून नवा मागवावा की कुठल्या भंगारातला बसवावा, या विचारात मी बसलो होतो. तेवढ्यात अण्णा आत आले. अण्णा म्हणजे माझे वडील, आश्रुबा. एके काळी जिंतूरपासून मानवतपर्यंतच्या मोटारी वायंडिंगला त्यांच्याकडं यायच्या. आता ऐकू फार कमी येतं, पुढचे दात गेलेत, कवळी त्यांना आवडत नाही म्हणून ती देवळीत ग्लासात पडून असते.

त्यांनी मशीनवरून हात फिरवला. "दत्तरावची हाय," म्हणाले. मग घरात गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. तो डबा मी लहानपणापासून कपाटावर बघत होतो, उघडा कधी पाहिला नव्हता. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, बारीक तारेचं एक रीळ आणि मेणलेल्या दोऱ्याची गुंडी.

"हे बसव. तुझ्या मायच्या हातचं हाय."

२

माय गेली तेव्हा मी शाळेत होतो. नर्मदाबाई तिचं नाव. मोटारीचं जाड काम अण्णा दुकानात करायचे, पण बारीक तारेचं काम मायचं. दुपारी भांडीकुंडी आटोपली की ती हाताच्या चाकापुढं बसायची. चाक फिरवलं की बॉबिन फिरायचं आणि केसाएवढी तार एकीला एक चिकटून बसत जायची. समोर गोणपाटावर अण्णा, मांडीत रीळ. तार त्यांच्या अंगठा आणि बोटातून, मधे फडक्याचा तुकडा, म्हणजे ताण सारखा राहतो. माय तोंडातल्या तोंडात वेढे मोजायची. एक थर भरला की थांबायची आणि म्हणायची, "कागद." अण्णा कागदाची पट्टी पुढं करायचे, "हं" म्हणायचे, की पुढचा थर सुरू. तासन् तास हेच. मी शेजारी अभ्यास करायचो, आणि खरं सांगतो, त्या पुटपुटण्यात मला जेवढी झोप चांगली लागायची तेवढी पुन्हा कधी लागली नाही.

आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. एक, सुरुवात मायनं करायची आणि शेवटची दोऱ्याची गाठ अण्णांनी मारायची. गाठ मारली की अण्णा दोरा दातानं तोडायचे. माय दर वेळी म्हणायची, "कात्री हाय की हो घरात." अण्णा दर वेळी हसायचे.

दुसरी गोष्ट, थर अर्धा असताना उठायचं नाही. उठावंच लागलं तर समोरच्यानं तार सोडायची नाही. ढील पडली की सगळे वेढे उसवतात.

त्या दुपारी दत्तरावांच्या मशीनचं काम चालू होतं. थर अर्धा झालेला. मायला बरं वाटत नव्हतं म्हणे. "धरून ठिवा," ती अण्णांना म्हणाली. "चहा टाकते. आलेच मी."

ती स्वयंपाकघरात पडली ती उठली नाही. मी शाळेतून आलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली, शेजारच्या कुसुमबाई रडत होत्या, आणि अण्णा आत चाकापुढं तसेच बसलेले. बोटात तार. कुणी उठवायला गेलं की म्हणायचे, "थांबा जरा. आलेच म्हनलीय ती." दत्तराव त्याच दिवशी मशीनची चौकशी करायला आले होते. शेवटी त्यांनीच कात्री आणून तार कापली. अण्णांनी काही सोडली नाही.

दिवस झाल्यावर अण्णांनी त्या अर्ध्या वायंडिंगवर कागद गुंडाळला, लोखंडाच्या पत्र्या भरल्या आणि सगळं डब्यात ठेवून दिलं. आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही. अर्धं वायंडिंग पुरं तरी करतात, नाहीतर तांबं भंगारात घालतात. अण्णांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण पुरं केलं असतं तर गाठ मारावी लागली असती.

३

बसवला एकदाचा. पत्र्याच्या चौकटीला मधे जी मोकळी जागा असते, जिच्यात तांबं बसतं, तिला आम्ही खिडकी म्हणतो. मायच्या ट्रान्सफॉर्मरची खिडकी अर्धी रिकामी होती. करंगळी आत सहज जायची.

आवाज अपेक्षेप्रमाणंच आला. वरच्या तारा गोड, खालच्या तारा पोकळ. वेढे कमी म्हणजे खर्ज कमी, साधा हिशेब. मी मुंबईचा नवा मागवून टाकला आणि तो येईपर्यंत मायच्याच ट्रान्सफॉर्मरवर वाजवत राहिलो. अण्णा दारात उभे राहायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण मशीनकडं बघून मान हलवायचे. मला बरं वाटायचं.

एक दिवस दुपारी व्हॉल्व तपासायचे म्हणून मी स्पीकर काढला आणि त्याच्या जागी जुन्या सिगडीची कॉईल जोडली. व्हॉल्वच्या मशीनला ओझं लागतं, बिनओझ्याची चालवली तर ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणजे आता आवाज यायचं काही कारण नव्हतं. गिटार खिळ्याला टांगलेली.

आणि ट्रान्सफॉर्मर पुटपुटत होता.

घाबरलो नाही. पत्र्या सैल असल्या की थरथरतात, मशीनमधून जे जाईल ते डासाएवढ्या आवाजात ऐकू येतं. ट्रान्सफॉर्मर गातोय, असं आम्ही म्हणतो. जायला गिटार नव्हती, पण उघड्या तारेत रेडिओही शिरतो. आकाशवाणीचं परभणी केंद्र असणार. मी घरातून शिवकन्येचा रेडिओ आणून लावला. परभणीवर पिकावरच्या औषधाची माहिती चालली होती, पुरुषाच्या आवाजात.

इथं बाईचा होता. शब्द कळत नव्हते. एका चालीत खालच्या आवाजात चाललेलं, मग एकदम थांबलेलं, मग पुन्हा सुरू. मला ते थांबणं ओळखीचं वाटलं आणि कुठलं ते आठवेना. झोप मात्र यायला लागली. दिवसाउजेडी, दुकानात गिऱ्हाइकाचा कूलर उघडा पडलेला, आणि माझे डोळे मिटायला लागले.

मशीन बंद केली. आवाज गेला. पाणी प्यायला घरात गेलो तर अण्णा खाटेवर बसून कात्रीनं कागदाच्या पट्ट्या कापत होते. शिवकन्या त्यांच्या कानाशी ओरडत होती, "मामा, जेवायला चला, मामा!" ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

"काय करायलात अण्णा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं आणि लाजल्यासारखं हसले. "मागायलीय की ती," म्हणाले. "तुला ऐकू आलं न्हाई का?"

४

त्यानंतर अण्णा रोज दुपारी मागच्या खोलीत जाऊन बसायला लागले. मशीन स्वतःच चालू करायचे. गोणपाट टाकून, मांडीत ते डब्यातलं रीळ, बाजूला पट्ट्यांची चळत. मी दुकानातून डोकावायचो. ते भिंतीकडं तोंड करून बसलेले दिसायचे आणि मधूनच म्हणायचे, "हं."

मला आधी नुसतं वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाचं मन, जातं मागं. शिवकन्येलाही तसंच वाटलं. आणि अण्णा खुशीत होते हो. रोज दाढी करायचे, केसाला तेल लावायचे. चहा दोन कप मागायचे. शिवकन्या हसून द्यायची. दोन्ही कप रिकामे परत यायचे.

मग एक दिवस मी गिटार लावली आणि हात थबकला. खालची तार भरून वाजली. पोकळपणा निम्म्यानं कमी. स्पीकर तोच, व्हॉल्व तेच. मला वाटलं, आज व्होल्टेज चांगलं आहे. बघितलं, तर नेहमीपेक्षा पडलेलं होतं.

ट्रान्सफॉर्मरचे वेढे न उघडता तपासायची एक सोपी रीत आहे. मशीन बंद ठेवायची, एका बाजूला ठरावीक बारीक व्होल्टेज द्यायचं, दुसऱ्या बाजूला किती येतं ते बघायचं. तांबं आहे तेवढंच दाखवणार, काल दाखवलं तेच आज आणि उद्याही. बसवताना मी मोजून भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. आता मोजलं. वाढलं होतं. दुसरा मीटर लावला, सेल बदलले, तरी तेच. दुसऱ्या दिवशी मोजलं, तर आणखी वाढलेलं.

मी करंगळी खिडकीत घालून बघितली. गेली नाही.

खिडकीच्या कडेला नवा कागद दिसत होता, पांढरा. मायच्या वेळचा कागद पिवळा पडलेला होता. अण्णांच्या पट्ट्यांची चळत निम्मी झाली होती आणि खोलीत एकही पट्टी पडलेली नव्हती. रीळ उचललं तर हलकं लागलं. मी स्वतःशीच म्हणालो, अण्णा जुने कारागीर, माझ्या मागं पत्र्या खोलून काम करत असतील. पत्र्यांच्या बोल्टावर, कुणी खोललं तर कळावं म्हणून, मी बसवताना लावलेला लाल रंग होता. तो तडकलेला नव्हता.

त्या संध्याकाळी शिवकन्या अण्णांचा सदरा वाळत घालताना म्हणाली, "अहो, मामा लय वाळायलेत. जेवतात तर नीट. मग जातंय कुठं सगळं?"

रिळाचं वजन अजून माझ्या हातात होतं.

५

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या पाठोपाठ खोलीत गेलो आणि दाराशी उभा राहिलो. उन्हाची तिरीप फरशीवर पडलेली होती, तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते. पुटपुटणं चालू झालं. अण्णांच्या मांडीतलं रीळ हळूहळू फिरत होतं. तार त्यांच्या अंगठा आणि बोटातून पुढं सरकत होती, ताणलेली, उन्हात तांबूस चमकणारी. तिचं दुसरं टोक कुठं जातंय ते मी बघितलं नाही. मान वळवली असती तर दिसलं असतं. वळवली नाही.

थांबलं. "हं," म्हणत अण्णांनी पट्टी पुढं केली आणि हात रिकामा मागं घेतला.

मी पुढं होऊन मशीन बंद केली. अण्णांच्या शेजारी बसलो, त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "अण्णा, खिडकी भरत आलीय."

"हं. थोडंच राह्यलंय."

"भरल्यावर काय?"

"मग गाठ मारायची. ते माझंच काम हाय की रं."

"आणि मग?"

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बोटाला तारेनं पडलेला लाल चरा होता, ताजा. "तिनं धरून ठिवा म्हनलं व्हतं, माऊली. मी ठिवलं. लय दिवस ठिवलं. आता हात दुखायलाय माझा."

मला रडू आलं. बाप समोर बसलेला असताना त्याच्यासाठी रडणं फार विचित्र असतं. मला माझा बाप हवा होता. बहिरा, बिनदाताचा, दुकानात येऊन गिऱ्हाइकासमोर मला चुका दाखवणारा, तसाच हवा होता.

मुंबईचा ट्रान्सफॉर्मर त्याच आठवड्यात आला. अण्णा न्हाव्याकडं गेले होते तेव्हा मी मायचा काढला, डब्यात घातला, डबा कुलुपात ठेवला आणि नवा बसवला. आवाज उत्तम. स्वच्छ, दमदार, खर्ज भरपूर. कॉईल जोडून कान लावला तर आत शांत.

अण्णा आले. मशीनवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. गोणपाट झटकलं, घडी केली आणि खाटेवर जाऊन आडवे झाले.

६

ते जेवेनात. रागानं नाही, मला राग परवडला असता. शिवकन्या घास घेऊन बसायची, ते दोन घास खायचे आणि तिचा हात थोपटायचे. उजवा हात मात्र छातीवर तसाच, अंगठा आणि बोट जुळलेलं, चिमटीत काहीतरी असल्यासारखं. मी ती चिमटी उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. डॉक्टर म्हणाले, वयानं शिरा आखडतात, आणि शक्तीचं औषध लिहून दिलं.

"हात का धरलाय मामांनी असा?" शिवकन्येनं विचारलं. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमी बसवलात नवा, पर त्यांची तार कुठं सुटलीय?"

मायचा बसवला तर खिडकी भरणार. नवा ठेवला तर हा माणूस चिमटी धरून असाच झिजत जाणार. आयुष्यात मी शेकडो ट्रान्सफॉर्मर निवडले, दोन्हींकडून नुकसान असलेला हा एकच.

मला तिसरा रस्ता सुचला. तार धरायला कुणीतरी हवं ना? मी बसतो. हात माझा, मोल माझं. मी तरुण आहे, चार थरांनी माझं काय जातंय? खिडकी भरली की गाठही मीच मारीन, आणि अण्णांचा हात मोकळा होईल. तेव्हा मला हे अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

दुपारी अण्णांना डोळा लागल्यावर मी मायचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा बसवला. गोणपाट टाकलं, रीळ मांडीत घेतलं, तार फडक्यातून चिमटीत धरली आणि मशीन चालू केली. व्हॉल्व तापायला वेळ लागतो. लाल झाले. रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची घरघर विरली, आणि पुटपुटणं सुरू झालं.

या वेळी मला आकडे कळत होते.

तार ओढली गेली. अगदी हलकेच, लहान पोरानं बोट धरून ओढावं तशी. मी डोळे खाली ठेवले. समोर फरशीवर उन्हाची तिरीप होती आणि तिच्यात लुगड्याचा काठ होता. हिरवा. काठाखाली पायाचा अंगठा, त्याच्यावर चाकाचा पाट पडून झालेली जुनी खूण. मी ती खूण लहानपणी रोज बघायचो. खोबरेल तेलाचा वास आला. माझ्या चिमटीतून तार जात होती आणि तिच्याबरोबर मनगटातली ऊब जात होती, कोपरापर्यंत गार पडत चाललं होतं. आणि मला, लाज वाटते सांगायला, झोप येत होती. बरं वाटत होतं.

थांबलं.

मी पट्टी पुढं केली. "हं," म्हणालो.

पट्टी कुणी घेतली नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग डासाएवढा तो आवाज मोजणं सोडून बोलला. दोन-चारच वाक्यं. ती मी कुणाला सांगताना अजून अडखळतो.

"माऊली, ऊठ बाळा. हे तुझं न्हाई. त्यांला बसू दे."

तार माझ्या बोटातून आपोआप सैल झाली. काठ नव्हता, नुसतं ऊन होतं. मी वळलो तर दारात अण्णा उभे होते. अंगात धुतलेला सदरा, केसाला तेल, आणि भिंतीचा आधार न घेता.

७

मी उठलो. दुसरं काय करणार होतो? त्यांना हाताला धरून बसवलं, मांडीत रीळ दिलं. त्यांच्या चिमटीत तार घालायला गेलो तर ती जागा जणू तिच्यासाठीच राखलेली होती. पाया पडलो. त्यांनी ओळखीचं हसून मला जा म्हटलं, कामात लुडबूड करणाऱ्या पोराला म्हणतात तसं.

मी आणि शिवकन्या बाहेर पायरीवर बसलो. तिनं माझा गार पडलेला हात दोन्ही हातांत धरून ठेवला. आतून पुटपुटणं येत होतं, थांबत होतं, अण्णांचं "हं" येत होतं. कुणीतरी हसलं. रस्त्यावर माणसं येत-जात होती, एक जण कूलर झाला का म्हणून विचारून गेला. मी उद्या या म्हणालो.

मग शिवकन्या म्हणाली, "तुमी चहा ठिवला का? उतू चाललाय बघा."

मलाही वास येत होता. आलं घातलेला, गूळ घातलेला चहा. आमच्याकडं गुळाचा चहा मायनंतर कुणी केला नव्हता. आम्ही दोघं धावत स्वयंपाकघरात गेलो. गॅस गार. पातेलं मांडणीवर पालथं, कोरडं.

तिथं उभे असतानाच मागच्या खोलीतला आवाज थांबला. नेहमी थोडा थांबून पुन्हा सुरू व्हायचा. आम्ही वाट बघितली. झाला नाही.

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, तळवा उघडा, पाची बोटं मोकळी. इतक्या वर्षांत मी तो हात इतका निवांत पाहिला नव्हता. शिवकन्या त्यांच्या पायाशी बसली आणि मोठ्यानं रडली. मला आधी मशीन बंद करावी लागली. सवय.

ट्रान्सफॉर्मरची खिडकी काठोकाठ भरली होती, नख जाईल एवढीही फट नव्हती. शेवटच्या कागदावर मेणलेल्या दोऱ्याची गाठ होती. अण्णांची गाठ मी हजारात ओळखीन. दोऱ्याचं टोक जवळून बघितलं. कात्रीनं कापलेलं नव्हतं. चपटं झालेलं, ओलसर, वरखाली दातांच्या बारीक खुणा. मी घरात जाऊन देवळीत बघितलं. ग्लासात कवळी होती.

सगळे विधी झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, एका दुपारी मी गिटार लावली. मुंबईचा ट्रान्सफॉर्मर त्याच्या खोक्यात आहे, मशीनमध्ये मायचा. आवाज असा भरून येतो की ऐकणाऱ्याच्या छातीत बसतो. स्पीकर काढून, कॉईल जोडून कान लावला. काही नाही. आत आता कुणी काही मागत नाही. मी रोज ऐकतो मात्र.

परवा शिवकन्या माझ्याजवळ बसली होती. एका सर्किटची तार झाळायची होती, ती मला पकडीनं धरून देत होती. मधेच तिनं पकड माझ्या हातात दिली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "जरा धरा हे. चहा टाकते, आलेच मी."

मी पकड टाकून दिली आणि तिचा हात धरला.

"अहो, सुटली की तार," ती म्हणाली.

"सुटू दे," म्हणालो. "तू बस. चहा मी टाकतो."